कर्मचारी-संवाद, बदलाच्या काळातील

कारखान्यात, कचेरीत किंवा संस्थेत यंत्रसामग्री, कामाची पद्धत, जागा, मालकी वा मनुष्यबळ यांत फेरफार होत असताना वरिष्ठ आणि कर्मचारी यांच्यात होणारी माहितीची व विचारांची देवघेव. परिपत्रक काढणे किंवा नोटीस बोर्डावर कागद लावणे हा तिचा एक भाग झाला. खालचे म्हणणे वर पोहोचणे आणि त्यानुसार निर्णयात दुरुस्तीला वाव असणे, हा दुसरा आणि अधिक अवघड भाग होय.

पार्श्वभूमी : मुंबईच्या कापडगिरण्यांत व्यवस्थापनाचा शब्द कामगारापर्यंत जॉबरमार्फत (मुकादमामार्फत) जाई. भरती, रजा आणि कामाची वाटणी यांवर जॉबरचा ताबा असल्याने वरून आलेला निरोप आणि खालून निघालेली तक्रार, दोन्ही त्याच्या सोयीने वळत. १९२०च्या दशकाअखेर काही गिरण्यांनी ‘रॅशनलायझेशन’च्या योजना आणल्या, त्यांनुसार विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळावे लागणार होते. नोकऱ्या जाण्याच्या भीतीने असंतोष वाढला. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात झालेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले. पुढे संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीने मालकांच्या या योजनांची छाननी केली. जॉबरच्या हातची भरती काढून गिरण्यांत कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस भारतातील कामगारांविषयीच्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात केली.

प्रायोगिक अभ्यास : अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथे हारवुड कंपनीच्या पायजमे शिवण्याच्या कारखान्यात लेस्टर कोक आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाच्या पद्धतीत बदल करताना एका गटाला तो नुसता समजावून सांगण्यात आला, दुसऱ्या गटाच्या प्रतिनिधींना नव्या पद्धतीच्या आखणीत घेतले, तर आणखी दोन गटांतील प्रत्येकाला तीत सहभागी केले. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरले नाही आणि चाळीस दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. पूर्ण सहभाग असलेल्या गटांचे उत्पादन लवकरच पूर्वीच्याही वर गेले. पहिल्या गटालाही बदलाचे कारण सांगितलेले होते, हे येथे महत्त्वाचे.

अहमदाबादचा प्रयोग : भारतातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिल्सचे आहे. साराभाई कुटुंबाच्या या कंपनीने १९५२ मध्ये एका शेडमध्ये स्वयंचलित माग बसवले, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी तेथील काम पाहिले. २२४ मागांवर २९ माणसे बारा प्रकारची कामे करत होती. विणकर, मागाची बॅटरी (सुताच्या कांड्यांचा साठा) भरणारा आणि तुटलेला ताणा सांधणारा, प्रत्येकाच्या वाट्याला मागांची निराळी संख्या येई. त्यामुळे एखादा माग बंद पडला की तो चालू करण्याची जबाबदारी ठरावीक चौघांची, असे म्हणता येत नसे. ठरावीक मागांवर ठरावीक गट असावा ही कल्पना राइस यांनी पर्यवेक्षकांशी बोलताना मांडली. ती कामगारांच्या कानी पडताच त्यांनी स्वतःच आपापले गट जुळवले. काही काळ नुकसान वाढले. नंतर कार्यक्षमता सुधारली आणि खराब कापडाचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा गटपद्धत मूळ रूपात एकाच शेडमध्ये टिकली होती. बाकीच्या ठिकाणी उत्पादनाचे दडपण आले तसा वरून हुकूम देण्याचा शिरस्ता परतला.

कायदा : औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील कलम ९-अ नुसार वेतन, कामाचे तास, पाळ्या अशा सेवाशर्तींत बदल करायचा झाल्यास, तसेच कामगारकपात संभवेल असे यांत्रिकीकरण आणायचे झाल्यास, २१ दिवस आधी नोटीस देणे बंधनकारक होते. शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूदही त्यातच होती. स्थायी आदेश अधिनियम, १९४६ ने आदेशांची प्रत इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे सक्तीचे केले. त्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे. टाटा स्टीलने कायद्यापलीकडे जाऊन १९५६ च्या करारान्वये युनियनसोबत संयुक्त सल्लामसलतीची पद्धत सुरू केली.

पद्धती : वरिष्ठाचे भाषण, टाउन हॉल सभा, ईमेल, गृहपत्रिका, पाळी सुरू होतानाची छोटी बैठक आणि एकेकट्याशी बोलणे ही प्रचलित साधने होत. संवाद-सल्लागार टी. जे. व सँडर लार्किन यांच्या मते मोठ्या बदलाची वार्ता आधी कर्मचाऱ्यांच्या थेट वरच्या पर्यवेक्षकांना सांगावी. कारण सामान्य कर्मचारी वरच्या साहेबाच्या भाषणापेक्षा आपल्या सुपरवायझरला अधिक मानतो. व्यवहारात पुष्कळदा उलट घडते. सुपरवायझरलाही बातमी इतरांबरोबरच कळते, मग शंका विचारायला आलेल्या माणसाला तो ‘मलाही आत्ताच समजलं’ एवढेच सांगू शकतो. काय ठरले, काय अजून ठरायचे आहे आणि ते कधी ठरेल, या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तर अफवांना कमी जागा उरते.

कपातीची वार्ता देणे ही या संवादाची सर्वांत कठीण कसोटी. मे २०२० मध्ये एअरबीएनबी या कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० जणांना कमी करताना पत्रातून कारणे, निवडीचे निकष, भरपाई आणि आरोग्यविमा यांचा तपशील दिला. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या कंपनीच्या प्रमुखांनी सुमारे ९०० जणांना एका छोट्या झूम बैठकीत एकदमच कामावरून काढले. टीका झाल्यावर त्यांना पद्धतीबद्दल माफी मागावी लागली.

दूरस्थ काम : घरून काम करण्याची पद्धत २०२० नंतर रुळल्यावर साहेब आणि कर्मचारी यांच्यातल्या जाता-येता होणाऱ्या गप्पा आटल्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप वाढले. असे निरोप रात्री-अपरात्रीही येऊ लागल्याने कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क अधिकच चर्चेत आला. फ्रान्समध्ये यासंबंधीची तरतूद त्याआधीच, १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडले होते.

मर्यादा : संवाद कितीही चांगला असला तरी तो अन्याय्य निर्णयाला न्याय्य करू शकत नाही. शिवाय कामगार संघटनेला बगल देण्यासाठी थेट संवादाचा वापर होतो, असा आक्षेपही घेतला जातो. भारतात आणखी एक उणीव ठळक आहे. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, म्हणून मुख्य कंपनीच्या सभा, पत्रे आणि समित्या यांच्या कक्षेत तो सहसा येत नाही. मात्र यंत्र बदलले की त्याचे काम सर्वांत आधी जाते. एखाद्या संस्थेचा कर्मचारी-संवाद कितपत चांगला आहे, हे तिथल्या कंत्राटी माणसाला बदलाची बातमी कधी आणि कोणाकडून कळली यावरून तपासणे अधिक योग्य ठरते.