'अपूर्ण' या शेऱ्याचा इतिहास

लॉस एंजेलिसमध्ये माझ्या जुन्या गाडीची धूरतपासणी झाली आणि हातात कागद पडला. दोष एकही नव्हता, तरी गाडी नापास. आठवड्यापूर्वी बॅटरी बदलली होती; त्यात गाडीच्या संगणकातल्या 'रेडीनेस मॉनिटर'च्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. गाडीने स्वतःची तपासणी अजून पुरी केलेली नव्हती. नोंदणीची मुदत दहा दिवसांवर होती. या नियमाचे मूळ शोधताना मी १९४३ सालापर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी २६ जुलैला शहरावर डोळे झोंबवणारे धुरके उतरले. ठपका एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर आला. पण तो बंद ठेवूनही धुरके हटेना. कोडे सोडवले ते अननसाच्या स्वादावर संशोधन करणाऱ्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे विष तयार होते, असे त्याने १९५०च्या दशकारंभी दाखवून दिले. गुन्हेगारांत मोटारगाडी ठळक होती. १९६७ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्षही तोच.

१९८४ पासून तिथे 'स्मॉग चेक' सुरू झाला. पण नळीतला धूर त्या क्षणापुरतीच साक्ष देतो. म्हणून गाडीलाच आपली पहारेकरी बनवण्यात आले : १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत 'ओबीडी-२' आले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो का, टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का, हे गाडी चालता चालता तपासते. मात्र माणूस हुशार. तपासणीआधी स्कॅनर लावून दोषाची नोंद पुसली की दिवा विझतो. यावर तोड अशी, की दोषाबरोबर मॉनिटरही कोरे होतात आणि पुसल्याची खूण उरते. तिथे २००० सालापासूनच्या पेट्रोल गाड्यांना फक्त वाफेचा मॉनिटर अपूर्ण असला तर सूट आहे.

मी टाकी अर्धी ठेवली, गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवली, मग ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकविना वेग उतरू दिला, शेवटी सिग्नलांच्या गर्दीत नेली. चौथ्या दिवशी मॉनिटर पुरे झाले, गाडी पास झाली.

या नियमाला हेतू कळत नाही. नोंद लबाडीने पुसलेली असो वा बॅटरी बदलताना गेलेली, शेरा एकच. मला चार सकाळी मोकळ्या होत्या. ज्याची रोजी त्याच गाडीवर आहे त्याला त्या कुठून मिळणार?

भावाला पुण्यात फोन केला. त्याच्या बीएस-६ गाडीतही ओबीडी आहे, पण पीयूसीवाला अजून नळीच तपासतो. "आमच्याकडे दोन मिनिटांत काम होतं," तो म्हणाला. मला त्याचा हेवा वाटला. आणि त्याच्या शहराच्या हवेची काळजीही.