मेनिएर विकार : चढउतार होणाऱ्या श्रवणशक्तीसह जगताना

वयोमानाने किंवा कर्कश आवाजाच्या सततच्या माऱ्याने आलेला बहिरेपणा एका टप्प्यावर थांबतो किंवा सावकाश वाढत जातो. रुग्णाला त्याची सवय होते आणि घरच्यांनाही त्याचा अंदाज येतो. मेनिएर विकारात तसे होत नाही. ज्या कानाला सोमवारी समोरच्या माणसाचे बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते, त्याच कानाने गुरुवारी दूरध्वनीवरील संभाषण नीट ऐकता येते आणि पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा दडा बसतो. आंतरकर्णाच्या या दीर्घकालीन विकारात ऐकण्याची क्षमता वरखाली होत राहते. मात्र निदानाच्या चाचण्या, श्रवणयंत्राची जुळणी, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि घरातील माणसांची समजूत या सर्व गोष्टी ती स्थिर आहे असे गृहीत धरतात. रुग्णाच्या बऱ्याचशा अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

विकाराचा प्रारंभ साधारणपणे ४० ते ६० या वयात आणि बहुधा एकाच कानात होतो. प्रथम कान भरल्यासारखा, आतून दाबल्यासारखा वाटतो. कर्णनाद सुरू होतो किंवा वाढतो. हा नाद पुष्कळदा खालच्या पट्टीतला, समुद्राच्या गाजेसारखा किंवा दूर चाललेल्या यंत्राच्या घरघरीसारखा असतो. त्याच सुमारास ऐकू येणे कमी होते आणि मग भोवळ येते. खोली गरगर फिरते, डोळ्यांची बुबुळे आपोआप झटके देत राहतात, मळमळ होते, ओकाऱ्या होतात. शुद्ध मात्र हरपत नाही. काही तासांनी गरगरणे थांबते, तरी पुढचे एक-दोन दिवस थकवा आणि अस्थिरपणा टिकून राहतो. लक्षणांचा क्रम प्रत्येक वेळी असाच असतो असे नाही. काहींना कित्येक महिने केवळ श्रवणाचा आणि नादाचा त्रास होतो आणि भोवळ पुढे केव्हातरी येते.

बाधित कानाला आवाज केवळ कमी येत नाही, तो विकृतही होतो. एकच स्वर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येऊ शकतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येते. शिवाय हळू बोललेले ऐकू येत नाही आणि आवाज थोडा चढवला की तो असह्य होतो. 'जरा मोठ्याने बोला' असे सांगणारा माणूस पुढच्याच क्षणी 'ओरडता कशाला' असे म्हणतो. यात विक्षिप्तपणा नसतो. मंद आणि मोठ्या आवाजांमधील सहन होणारी जागाच त्या कानात आक्रसलेली असते.

मेंदूपासून कानापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा झटक्यांचा संबंध मेंदूत रक्त साकळण्याशी जोडला जाई आणि रक्त काढण्यासारखे उपाय केले जात. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य असलेल्या प्रॉस्पर मेनिएर यांनी जानेवारी १८६१ मध्ये तेथील वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला आणि भोवळ, ओकारी, कर्णनाद व बहिरेपणा यांचे उगमस्थान मेंदूत नसून आंतरकर्णात असू शकते, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निरीक्षणाला सूक्ष्मदर्शकाखालील आधार मिळाला तो १९३८ मध्ये. लंडनमधील हॉलपाइक व केर्न्स आणि जपानमधील यामाकावा यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मृत रुग्णांच्या कर्णास्थींत अंतर्लसीकेची पोकळी फुगलेली असल्याचे दाखवले.

अंतर्लसीका हा आंतरकर्णातील पातळ पडद्यांच्या नलिकांमध्ये असणारा, पोटॅशियमने समृद्ध द्रव होय. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या केसपेशी या द्रवाच्या संपर्कात असतात. द्रव साचून पडदे ताणले गेले की दोन्ही कार्ये बिघडतात. शंखाकार नलिकेच्या टोकाशी खालच्या पट्टीचे स्वर टिपले जातात आणि ताणाचा परिणाम तेथे आधी होतो. त्यामुळे प्रारंभी खालच्या स्वरांचेच श्रवण कमी होते. वृद्धत्वातील बहिरेपणात याच्या उलट, म्हणजे वरच्या स्वरांपासून सुरुवात होते. द्रव का साचतो, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तींच्या कानांतही असा फुगवटा आढळला आहे. त्यामुळे फुगवटा हे विकाराचे कारण मानावे की केवळ खूण, हा वाद संपलेला नाही.

निदानातील अडचण

रक्त तपासून किंवा छायाचित्र काढून या विकाराचे निश्चित निदान होत नाही. बारानी सोसायटी आणि अन्य चार वैद्यकीय संघटनांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे ठरवलेल्या निकषांनुसार प्रत्येकी २० मिनिटे ते १२ तास टिकणारे भोवळीचे किमान दोन झटके, श्रवणमापनात किमान एकदा नोंदले गेलेले खालच्या ते मध्यम पट्टीतील श्रवणाचे न्यून, त्याच कानात वरखाली होणारी लक्षणे, आणि या सर्वांचा अधिक चांगला उलगडा करणारे दुसरे कारण नसणे, या बाबी निश्चित निदानासाठी आवश्यक आहेत.

यातील दुसऱ्या अटीपाशी अनेक रुग्ण अडतात. ऐकू येईनासे झाल्यावर तपासणीची वेळ मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात, तोवर श्रवण पूर्ववत होते आणि आलेख निर्दोष येतो. मग 'ताण घेऊ नका' असा सल्ला मिळतो. कान बिघडलेला असतानाच श्रवणमापन करून घेणे आणि चांगल्या दिवशीचा आलेखही जवळ ठेवणे, हा यावरचा खात्रीचा मार्ग होय. वेगवेगळ्या तारखांचे दोन आलेख शेजारी ठेवले की जे सांगून पटत नाही ते दिसते. साध्या वहीत तारीख, भोवळ किती मिनिटे टिकली, कोणत्या कानाला दडा बसला, नाद कसा होता आणि आदल्या दिवशीची झोप व आहार एवढे टिपले तरी पुरते.

'चक्कर' हा शब्दही तपासणीत घोटाळा करतो. मराठीत अशक्तपणाने डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना तोल जाणे आणि सभोवताल गरगर फिरणे या तिन्हींना चक्करच म्हणतात. कारणे मात्र भिन्न असतात. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंदच येणारी भोवळ ही आंतरकर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलल्याने येते आणि डोके ठरावीक क्रमाने फिरवून ती बहुधा बरी करता येते. अर्धशिशीशी निगडित भोवळीचे मेनिएर विकाराशी एवढे साम्य असते की तज्ज्ञांनाही दोहोंतील रेषा ओढणे कठीण जाते. आपल्याकडे भोवळीचे खापर मानेच्या मणक्यांवर फोडण्याची जुनी सवय आहे आणि गळपट्टा लावून वर्षे घालवलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. श्रवणतंत्रिकेवरील सौम्य गाठीची शक्यता वगळण्यासाठी एमआरआय तपासणी सांगितली जाते.

दोन प्रसंगी वाट पाहणे धोक्याचे ठरते. तीन दिवसांच्या आत एका कानाचे श्रवण एकाएकी घटले, तर 'नेहमीचा दडा असेल, उतरेल' असे समजून थांबू नये. तो आकस्मिक बहिरेपणा असू शकतो आणि त्यावरील स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होईल तितका लाभाचा. भोवळीबरोबर बोबडी वळणे, चेहरा वाकडा होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काही आढळल्यास पक्षाघाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

हा विकार समूळ बरा करणारे औषध नाही. उपचारांचा भर भोवळीचे झटके कमी करण्यावर असतो. पहिला सल्ला मिठाचा. सोडियम दिवसाला दीड ते दोन ग्रॅमच्या आत ठेवावे, असे सांगितले जाते. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ. लोणचे, पापड, सांडगे, फरसाण, पाव आणि तयार मसाले यांतून जाणारे मीठ यात धरावे लागते. या पथ्याचा भक्कम शास्त्रीय पुरावा नाही. तरीही ते स्वस्त आहे आणि रक्तदाबाच्या दृष्टीनेही हिताचे असल्याने बहुतेक तज्ज्ञ ते सुचवतात.

बीटाहिस्टिन हे औषध भारतात सर्रास दिले जाते. जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रा, अधिक मात्रा आणि निव्वळ बनावट गोळी अशा तीन गटांची तुलना झाली. तिन्ही गटांतील झटके जवळपास सारख्याच प्रमाणात कमी झाले. या निष्कर्षाला महत्त्व आहे ते विकाराच्या स्वभावामुळे. झटके थव्याने येतात आणि मग दीर्घकाळ थांबतात. रुग्ण सर्वाधिक त्रासात असताना उपचाराला जातो. त्यानंतर जो काही उपाय होईल त्याला गुण आल्यासारखे वाटतेच. नवनव्या उपायांच्या जाहिराती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. प्रत्यक्ष झटक्यात भोवळ दाबणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात, परंतु त्या महिनोन्‌महिने घेतल्यास बिघडलेल्या तोलाशी जुळवून घेण्याची मेंदूची प्रक्रिया मंदावते.

गोळ्यांनी भागत नसेल तर कानाच्या पडद्यामागे इंजेक्शन देतात. जेंटामायसिन तोलाच्या पेशी निकामी करून भोवळ थांबवते, पण श्रवणाचेही नुकसान करू शकते. त्याऐवजी स्टेरॉइड दिल्यास भोवळीवर तुल्य परिणाम दिसल्याचे इंग्लंडमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. शस्त्रक्रिया हा अखेरचा पर्याय राहतो. बहुसंख्य रुग्णांत काही वर्षांनी झटके विरळ होतात. श्रवणाचे मात्र असे नसते. चढउतार हळूहळू थांबतात आणि मध्यम ते तीव्र स्वरूपाचा कायम बहिरेपणा मागे राहतो. काहींच्या दुसऱ्या कानातही विकार उतरतो.

कानाला दडा बसला की कोमट तेल घालणे किंवा काडीने कान कोरणे हा घरगुती उपाय येथे निरर्थक आहे. भरल्याची जाणीव पडद्याच्या पलीकडून, आंतरकर्णातून येत असते. तेल तेथे पोहोचत नाही आणि काडीने पडद्याला इजा होते.

घर, काम आणि प्रमाणपत्र

श्रवणयंत्र एका आलेखावर जुळवले तर चांगल्या दिवशी ते कर्कश आणि वाईट दिवशी अपुरे ठरते. त्यामुळे रुग्णाला स्वतः बदलता येतील असे दोन-तीन कार्यक्रम असलेले, आणि मोठे आवाज ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणारे अंकीय यंत्र घ्यावे लागते. यंत्र विकत घेताना पुढील वर्षभरात किती वेळा पुनर्जुळणी विनाशुल्क मिळेल, हे आधीच विचारलेले चांगले. एक कान पूर्ण गेला असल्यास त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणारी यंत्रे मिळतात, पण आवाज कोणत्या दिशेने आला हे त्यांनी कळत नाही. रस्ता ओलांडताना हॉर्नवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे. कर्णनाद रात्रीच्या शांततेत अधिक जाणवतो. पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवल्याने तो मागे पडतो. नादाने मन ग्रासले असेल तर मानसोपचारातील बोधात्मक वर्तनपद्धतीने त्रास घटतो, नाद मात्र राहतो.

सर्वांत बोचणारी गोष्ट यंत्राने सुटत नाही. 'याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते' हा घरातला आणि कचेरीतला शेरा या रुग्णांच्या वाट्याला हमखास येतो. काल ऐकू आले म्हणून आज यावे, ही अपेक्षा येथे चूक आहे. 'आज कान वाईट आहे' असे दिवसाच्या सुरुवातीलाच सांगण्याची पद्धत घरात पाडली तर रोजचे वाद टळतात. बैठकीत चांगला कान बोलणाऱ्यांकडे राहील अशी जागा घेणे, न समजलेले वाक्य तेच पुन्हा न उच्चारता वेगळ्या शब्दांत सांगण्यास सुचवणे, आणि तारीख, रक्कम, पत्ता लिहून घेणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. मंगल कार्यालयासारख्या गोंगाटाच्या जागी संभाषणाचा आग्रह सोडून देणे श्रेयस्कर.

क्वचित काही रुग्ण, कोणी ढकलावे तसे, पूर्वसूचना न मिळता उभ्या जागी कोसळतात. झटके चालू असलेल्या काळात शिडी, उंच जागा, चालती यंत्रे आणि एकट्याने पोहणे टाळावे. वाहन परवान्यासाठी द्यावयाच्या नमुना १ मधील स्वयंघोषणेत अचानक भोवळ येते काय, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर खरे देणे बंधनकारक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणन्यून असलेली व्यक्ती बहिरी आणि ६० ते ७० डेसिबल असलेली व्यक्ती कमी ऐकू येणारी मानली जाते. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. टक्केवारी काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन दिले जाते. परिणामी एक कान पूर्ण निकामी आणि दुसरा निर्दोष असेल तर ती सुमारे १७ टक्केच भरते. एका कानाचा मेनिएर विकार असलेला रुग्ण झटक्यांमुळे नोकरी गमावू शकतो, तरी या मोजणीत तो बसत नाही. दुसऱ्या कानात विकार उतरलेल्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांनी जुन्या आलेखांसह जिल्हा रुग्णालयातील मंडळापुढे नव्याने तपासणी करून घ्यावी. श्रवणमापन व यंत्रजुळणीच्या सुविधा मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत उपलब्ध आहेत.