आयरिश स्ट्यू आणि बटाट्याचा देश

एखाद्या पदार्थाला देशाचें नांव मिळालें, म्हणजे तो त्या देशांतील सर्वांच्या पानांत पडत होता असें नाहीं. आयरिश स्ट्यूची गोष्ट तशीच आहे. मेंढीचें मटण, बटाटे, कांदे, मीठ, मिरीं आणि पाणी एवढीच त्याची सामग्री; आणि त्यांतील मटण गरीब आयरिश कुळाच्या वाट्याला क्वचितच येई.

जुन्या आयरिश घरांत भट्टी नसे. दलदलींतून कापून वाळविलेल्या पीट नांवाच्या मातकट इंधनाचा विस्तव सदैव धुमसत असे व त्यावर लोखंडी हंडी टांगलेली असे. मेंढी पाळावयाची ती लोकरीसाठीं व दुधासाठीं. म्हातारी झाली म्हणजे ती हंडींत जाई. असलें चिवट मांस मऊ होण्यास मंद आंच आणि पुष्कळ वेळ लागे. स्ट्यूची सारी पद्धति या चुलीनेंच ठरविली.

श्रोत्यांना हा पदार्थ घरीं करणें मुळींच अवघड नाहीं. हाडांसह मानेचें मटण १ किलो घ्यावें. मेंढीचें न मिळाल्यास बोकडाचें चालेल. बटाटे तितकेच, मोठे कांदे ३-४. निम्म्या बटाट्यांच्या पातळ चकत्या तळाशीं पसराव्यात, त्यांवर मटण, कांदे व मीठ-मिरीं घालावीं आणि उरलेल्या बटाट्यांचे मोठे तुकडे वर ठेवावेत. मटण जेमतेम बुडेल इतकें पाणी घालून, घट्ट झांकण ठेवून, दीड-दोन तास मंद आंचेवर शिजूं द्यावें. तळच्या चकत्या विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. पीठ लावण्याचें कारण नाहीं. ढवळण्याचा मोह मात्र आवरावा. गाजर घालावें कीं नाहीं यावर आयरिश लोक अद्याप भांडतात. न घालणारांचा पक्ष अधिक खरा वाटतो. वरून पार्सली चिरून घालावी. कोथिंबीर घातली तर पदार्थ चांगला होईल, पण निराळा होईल.

या हंडींतील बटाट्याचा इतिहास मात्र कडू आहे. दक्षिण अमेरिकेंतील हा कंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडांत पोंचला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांचाच शब्द घेऊन राहिला. परंतु येथें तो भाजी झाला, तेथें तो अन्न झाला. कुळाजवळच्या तोकड्या तुकड्यांतही कुटुंब पोसेल इतका तो पिके. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची वस्ती ८१ लाखांवर होती, आणि त्यांतील सुमारें एकतृतीयांश लोक जवळजवळ सर्वस्वीं बटाट्यावर जगत. कष्टकरी पुरुष दिवसाला १० ते १२ पौंड बटाटे खाई, सोबत ताक. धान्य आणि डुकरें विकून जमीनदाराचा खंड भरला जाई.

१८४५ च्या सप्टेंबरांत करप्याची बुरशी तेथें दिसली. पुढच्या वर्षीं जवळजवळ सारें पीक शेतांतच काळें पडून कुजलें. तरीही गलबतें धान्य भरून इंग्लंडकडे जातच राहिलीं! १८४७ च्या एप्रिलांत लंडनच्या रिफॉर्म क्लबाचा फ्रेंच आचारी अलेक्सिस सोयर यानें सरकारच्या बोलावण्यावरून डब्लिनला सूपगृह उघडलें. घंटा वाजली कीं शंभर माणसें आंत घेत. चमचे साखळीनें जखडलेले असत. दुसरी घंटा झाली कीं उठावें लागे. सोयरच्या एका पाककृतींत २ गॅलन पाण्याला अवघें पाव पौंड मांस होतें. एवढ्याची किलोभर मटणाच्या हंडीशीं तुलना श्रोत्यांनींच करावी. तथापि त्या उन्हाळ्यांत सरकारी अन्नछत्रांवर रोज सुमारें ३० लाख लोक जेवत होते, आणि त्यांपैकीं असंख्य त्यामुळेंच जगले. तीं छत्रें सप्टेंबरअखेर बंद करण्यांत आलीं, हा निर्णय अक्षम्य होय.

१८५१ च्या शिरगणतींत वस्ती साडेपासष्ट लाखांवर आली होती. सुमारें १० लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं होतीं. त्याहूनही अधिक देश सोडून गेलीं. जीं अमेरिकेला पोंचलीं त्यांना तेथें मेंढीच्या मांसापेक्षां गोमांस स्वस्त मिळूं लागलें, आणि त्यांच्या हंडींत तेंच शिजूं लागलें.