किनाऱ्यावरचं मैदान : माती की काँक्रीट?

मंडळी, किनाऱ्यावर काँक्रीटचं कबड्डी मैदान करायचं घाटतंय. जरा मागे बघू. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, १९९० ला बीजिंग एशियाडात सुवर्ण आलं. पण कोकणात खेळ वाढला तांबड्या मातीवर. माती चाळायची, पाणी मारायचं, चोपायची. ओल सुकताना जमीन गार. पावसाने उखडली तर दिवाळीनंतर पुन्हा चोपायची, खर्च तो किती! वारा अडवायला सुरूचं बन, सामने ऊन उतरल्यावर. आर्किटेक्ट कुठे होता तेव्हा?

काँक्रीट दुपारी तापतं, रात्रीपर्यंत धग सोडतं. खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते, तडे जातात. शिवाय १९९१ पासून भरतीरेषेच्या ५०० मीटरात सीआरझेड आहेच. परवानगी घेतलीय का? आराखडा आधी नगरपालिकेच्या फलकावर लावा.