तळटीप १४ : बायडेन आणि गर्भपाताचा हक्क

१४. लेखकाने जो बायडेन यांना या हक्काचे ‘जुने समर्थक’ म्हटले आहे, ते अर्धेच खरे. ते सिनेटमध्ये आले जानेवारी १९७३ मध्ये. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा ‘रो विरुद्ध वेड’चा निकालही त्याच महिन्यातला. हा निकाल जरा जास्तच पुढे गेला, असे त्यांचे तेव्हाचे मत होते. १९८२ साली तर, राज्यांना तो निष्प्रभ करता यावा अशा घटनादुरुस्तीला त्यांनी न्यायविषयक समितीत पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी मात्र तिच्याच विरोधात मत दिले. त्याहून बोलकी गोष्ट ‘हाइड तरतुदी’ची. काही अपवाद वगळता गर्भपातासाठी केंद्राचा पैसा नाकारणारी ही १९७६ची तरतूद; तिची झळ अर्थातच मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेवर अवलंबून असलेल्या गरीब स्त्रियांना. बायडेन अनेक दशके तिच्या बाजूने राहिले आणि जून २०१९ मध्ये, उमेदवारीच्या धामधुमीत, टीका होताच एका दिवसात फिरले. कॅथलिक म्हणून चर्चची शिकवण आपण मानतो, पण ती इतरांवर लादणार नाही, ही भूमिका २०१२च्या उपाध्यक्षपदाच्या वादविवादातही त्यांनी मांडली होती. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ रद्द केल्यावर अध्यक्ष या नात्याने त्यांनी काढलेले आदेश पुढील प्रकरणात येतात. ते वाचताना १९८२चे मत विसरू नये.