परदेशात शिकलेले डॉक्टर आणि परवान्याची वाट

"डॉक्टरसाहेब, पोरगा फिलिपिन्सातून डॉक्टर होऊन आला, मंग दवाखाना काऊन नाही टाकत?" अमरावती-अकोल्याकडे असं विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असतं: डिग्री विकतची असेल. तसं नसतं. डिग्री वेगळी आणि प्रॅक्टिसचा परवाना वेगळा. या दोन्हींमधलं अंतर कसं वाढत गेलं, ते आज पाहू.

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर नेमलं. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. पण इथे परत आल्यावर त्यांची परीक्षा कोणी घेतली नव्हती. डॉक्टरांची सरकारी नोंदवहीच तेव्हा आपल्याकडे नव्हती! मुंबई इलाख्यात तो कायदा १९१२ साली आला, मध्य प्रांत-वऱ्हाडात १९१६ साली.

इंग्लंडात मात्र अशी नोंदवही १८५८ पासून होती आणि आपल्या डिग्र्यांचं भवितव्य तिथली जनरल मेडिकल कौन्सिल ठरवायची. बाळंतपणाचं प्रशिक्षण पुरेसं नाही, आमचा तपासनीस नेमा, असा तिचा आग्रह होता. त्यावरून वाद पेटला आणि १९३० साली तिने भारतीय डिग्र्यांची मान्यताच काढली. आपल्याकडे संताप झाला, आणि त्यातूनच १९३३ चा कायदा होऊन आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली. पण त्या कायद्यात एल.एम.पी. डॉक्टरांना जागा नव्हती. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत रोगी तपासणारे बरेच जण नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून निघालेले हेच एल.एम.पी. होते. परक्यांनी दार लावलं म्हणून आपण चिडलो, आणि स्वतःचं दार बांधताना आपल्याच माणसांना बाहेर ठेवलं.

१९७५ साली ब्रिटनने पुन्हा मान्यता काढली. तिथे जाणाऱ्या भारतीय डॉक्टरला आधी परीक्षा द्यावी लागू लागली. ती पुढे 'प्लॅब' म्हणून ओळखली गेली. नंतरच्या काळात कितीतरी भारतीय डॉक्टर ती पास होऊनही बिनपगारी निरीक्षक म्हणून वॉर्डात उभे राहिले, नोकरीच्या आशेवर.

आता आपल्या बाजूचं. वऱ्हाडात १९८४ साली अमरावतीला पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेज निघालं; अकोल्याचं सरकारी कॉलेज २००२ चं. जागा मोजक्या आणि खाजगीची फी न झेपणारी, म्हणून मुलं रशिया, युक्रेन, चीनकडे वळली. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथून आलेल्यांच्या मान्यतेचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला आणि २००२ पासून स्क्रीनिंग परीक्षा सुरू झाली. वर्षातून दोनदा, ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. बऱ्याच सत्रांत पाचातला जेमतेम एक पास होतो. पास झाल्यावर इथे इंटर्नशिप करायची, मगच कायमची नोंदणी.

ही परीक्षा असावी, असं माझं मत आहे. रोग्याला दुसरं संरक्षण नाही. पण नापास झालेल्या, पुढच्या सत्राची वाट पाहणाऱ्या मुलाचं काय होतं ते बघा. घरावर कर्ज असतं, नातेवाईक टोमणे मारतात, आणि एखादं खाजगी हॉस्पिटल अल्प पगारात रात्रपाळीला बोलावतं. तिथे सलाइन, इंजेक्शन, औषधं सगळं तोच देतो. कागदावर सही दुसऱ्याची. २०१९ च्या कायद्यानुसार नोंदणीविना प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रकरण अंगाशी आलं की अडकतो तो पोरगाच.

"मग दुबईला धाडतो," असं काही वडील म्हणतात. आखाती देशही डॉक्टरकडे आधीच्या नोंदणीचा आणि अनुभवाचा दाखला मागतात, त्यामुळे ती वाटही इथल्या परीक्षेतूनच जाते. कोविडच्या काळात इंग्लंडने नोंदणी न झालेल्या परदेशी डॉक्टरांना देखरेखीखाली 'मेडिकल सपोर्ट वर्कर' म्हणून पगारी कामावर घेतलं होतं. निदान सही करणारा वरिष्ठ शेजारी उभा राहील, अशी सोय आपल्याकडे का होऊ नये?

तोवर रोग्यांनी एवढं करावं. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो बघा. रात्री तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरलाही तो विचारता येतो, फक्त नीट शब्दांत विचारा.