सक्ती की स्वेच्छा? एनएसएस सुरू होण्याआधीची एकोणीस वर्षं

एनएसएस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, झाडू हातात घेऊन काढलेला फोटो, आणि वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास भरले की मिळणारं प्रमाणपत्र. तरुणांच्या समाजसेवेवर संशोधन करायचं ठरवलंत तर तुम्ही बहुधा इथूनच सुरुवात कराल. माझा आग्रह आहे की थोडं मागे जा. हे तास आले कुठून, ते आधी बघा.

१९५० साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे कल्पना आली ती अगदी साधी होती: विद्यार्थ्यांनी काही काळ स्वेच्छेने अंगमेहनतीचं काम करावं. पहिल्या पंचवार्षिक योजनेतही त्यावर भर होता. पण दशक संपता संपता सूर बदलला. १९५८ मध्ये नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात, पदवीसाठी समाजसेवेची अट घालता येईल का, हा विचार मांडला. पुढच्या वर्षी एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? आपले चिंतामणराव देशमुख, तेव्हाचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. समितीने शिफारस केली की शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी. त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, श्रम असं सगळंच होतं. (मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख आपल्याला ठाऊक असतात, हे देशमुख सहसा नसतात.)

शिफारस बारगळली. खर्च प्रचंड होता, अंमलबजावणी अवघड. मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये उलट सल्ला दिला: सेवा ऐच्छिकच ठेवा. इथे वाद मिटला असं वाटेल, पण नाही. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली. एनसीसीला पर्याय म्हणून एनएसएसचा विचार पुढे आला तो याच काळात, १९६७ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत. म्हणजे सक्तीचा अनुभव ताजा असतानाच ही ऐच्छिक योजना आकार घेत होती. एनएसएसचा इतिहास एनसीसीशिवाय लिहिला तर तो अर्धाच राहतो, असं मला वाटतं.

आता या सगळ्या हालचालीत कोण कोण आहे ते मोजा. पंतप्रधान, मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, कुलगुरू, समित्या. विद्यार्थी कुठे आहेत? त्यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली मे १९६९ मध्ये. त्यांनी एकमताने पाठिंबा दिला, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या आठवडाभर आधी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह योजना सुरू केली. ज्यांच्या वेळेबद्दल एकोणीस वर्षं चर्चा चालली, त्यांना विचारलं ते शेवटच्या चार महिन्यांत! पाठिंबा मनापासूनचा असेलही. पण तेव्हा ठरायचं काय उरलं होतं, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

सक्ती नाकारली गेली खरी, पण मोजमाप राहिलं. तास, प्रमाणपत्र, पुढे काही विद्यापीठांत सवलतीचे गुण. त्यामुळे जुन्या अहवालात 'स्वयंसेवक' हा शब्द दिसला की लगेच विश्वास ठेवू नका. तो मुलगा स्वतःहून आला होता, गुणांसाठी आला होता, की मित्र गेला म्हणून गेला? कधी कधी तिन्ही खरं असतं. अहवालात तुम्हाला तास सापडतील, वृक्षारोपणाचे आकडे सापडतील. कारण मात्र सापडणार नाही.

ते शोधायला कॉलेजच्या कपाटातल्या शिबिरांच्या जुन्या डायऱ्या काढा, आणि त्या काळात विद्यार्थी असलेल्यांशी बोला. १९६९ ला वीस वर्षांचे असलेले आज पंचाहत्तरी ओलांडून गेलेत, त्यामुळे हे काम पुढच्या सेमिस्टरवर ढकलू नका. दत्तक गावातही जा. मुलांनी घातलेला बांध टिकला का, आणि तो तिथे घालायचं कुणी ठरवलं होतं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.